सबरुटीन आधी कागदावर, मग किटवर

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या पदविका आणि पदवीच्या वर्गांत मायक्रोप्रोसेसरचे प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने उरकले जाते. टेबलावर ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे सरावाचे किट असते आणि कोडची यादी जर्नलात आधीच उतरवलेली असते. विद्यार्थी ती कीपॅडवरून एकेक बाइट करून भरतो, डिस्प्लेवर अपेक्षित आकडा उमटतो आणि जर्नलवर सही होते. हा बाइट इथेच का, असे ओरलला विचारले की उत्तर येत नाही. मग काही जण म्हणतात, मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारे आकडे, शिकवणेच बंद करा. कंपायलर आहे, आता तर प्रोग्रॅम लिहून देणारी साधनेही आली आहेत. आम्हाला हे पटत नाही. दोष मशीन कोडचा नाही, त्यासाठी निवडलेल्या उदाहरणांचा आहे.

८०८५ वर दोन संख्यांचा ओआर (दोन्हींपैकी एकीत तरी १ असेल तो बिट १) काढायचा तर एक बाइट पुरतो. एक्सओआरलाही (नेमक्या एकाच संख्येत १ असेल तो बिट १) एकच बाइट लागतो. चिपच्या आत सगळे तयार असल्याने विद्यार्थ्याला करण्यासारखे काही उरतच नाही. त्याऐवजी ज्या मशीनमध्ये ओआर नाही असे मशीन द्यावे आणि ओआर घडवून आणायला सांगावे. त्यासाठी सर्वांत सोयीचे मशीन म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये आणलेला पीडीपी-८. त्यात १२ बिटांचा शब्द, ४०९६ शब्दांची कोअर मेमरी आणि इन्स्ट्रक्शनचे फक्त आठ प्रकार आहेत. आपल्याकडे १९६९ मध्ये तयार झालेला ट्रॉम्बेचा टीडीसी-१२ हाही १२ बिटांचाच होता, त्यामुळे हा आकार आपल्याला अगदीच परका नाही. पीडीपी-८ चा सिमएच नावाचा सिम्युलेटर मोफत मिळतो आणि जुन्यात जुन्या लॅपटॉपवरही चालतो. महाविद्यालयाला खर्च शून्य.

या मशीनचा १२ बिटांचा शब्द चार ऑक्टल, म्हणजे ० ते ७ याच, अंकांत लिहितात. पहिला अंक इन्स्ट्रक्शनचा: ० अँड (दोन्ही संख्यांत १ असेल तोच बिट १), १ टॅड म्हणजे बेरीज, २ आयएसझेड म्हणजे मेमरीतला शब्द एकने वाढवा आणि तो शून्य झाला तर पुढची इन्स्ट्रक्शन ओलांडा, ३ डीसीए म्हणजे अॅक्युम्युलेटर (चालू हिशेबाची संख्या धरणारी प्रोसेसरमधली जागा) मेमरीत ठेवा आणि तो साफ करा, ४ जेएमएस म्हणजे सबरुटीनला (हाक मारली की चालणाऱ्या आणि काम झाल्यावर परत पाठवणाऱ्या तुकड्याला) जा, ५ जेएमपी म्हणजे उडी, ६ इनपुट-आउटपुट, ७ ऑपरेट. ऑपरेटमध्ये ७२०० म्हणजे अॅक्युम्युलेटर साफ, ७०४० म्हणजे त्याचे सगळे बिट उलटे आणि ७४०२ म्हणजे थांबा. मेमरी १२८ शब्दांच्या पानांत विभागलेली आहे. दुसऱ्या अंकातल्या २ चा अर्थ 'पत्ता याच पानातला' आणि ४ चा अर्थ 'इनडायरेक्ट', म्हणजे तिथे ठेवलेला शब्द हाच खरा पत्ता. उरलेले सात बिट पानातली जागा सांगतात.

मेमरीतल्या दोन संख्यांसाठी इथे अँड आहे, ओआर नाही. (७४०४ या कोडने एक ओआर होतो, पण तो फक्त पॅनलवरच्या स्विचेसशी.) मग डी मॉर्गनचा नियम कामी येतो: दोन्ही संख्या उलट्या करा, त्यांचा अँड घ्या, आलेले उत्तर पुन्हा उलटे करा. हा नियम विद्यार्थ्याने आधीच पाठ केलेला असतो. तो वापरून काहीतरी चालू लागते, असे मात्र इथे पहिल्यांदा दिसते.

पहिली संख्या अॅक्युम्युलेटरमध्ये, दुसरी जेएमएसच्या लगेच पुढच्या शब्दात आणि उत्तर अॅक्युम्युलेटरमध्ये, असा करार ठरवू. मुख्य प्रोग्रॅम असा:

०२००  ७२००  अॅक्युम्युलेटर साफ
०२०१  १२०६  ०२०६ मधली संख्या मिळवा
०२०२  ४२१०  ०२१० च्या सबरुटीनला जा
०२०३  ०७०७  दुसरी संख्या
०२०४  ३२०७  उत्तर ०२०७ मध्ये ठेवा
०२०५  ७४०२  थांबा
०२०६  ००७७  पहिली संख्या
०२०७  ००००  उत्तराची जागा

आणि सबरुटीन असे:

०२१०  ००००  परतीचा पत्ता इथे येईल
०२११  ७०४०  पहिली संख्या उलटी
०२१२  ३२२१  ती ०२२१ मध्ये ठेवा
०२१३  १६१०  दुसरी संख्या आणा, इनडायरेक्ट
०२१४  ७०४०  तीही उलटी
०२१५  ०२२१  ०२२१ शी अँड
०२१६  ७०४०  पुन्हा उलटे
०२१७  २२१०  परतीचा पत्ता एकने पुढे
०२२०  ५६१०  परत जा, इनडायरेक्ट
०२२१  ००००  तात्पुरती जागा

जेएमएस आपल्या पुढच्या शब्दाचा पत्ता, इथे ०२०३, सबरुटीनच्या पहिल्या शब्दात लिहून ठेवते आणि दुसऱ्या शब्दापासून काम सुरू करते. म्हणून ०२१० ही जागा रिकामी सोडायची. नवखा विद्यार्थी हमखास तिथेच पहिली इन्स्ट्रक्शन लिहितो आणि पहिल्याच हाकेला ती पुसली जाते. परतीचा पत्ता सुरुवातीला दुसऱ्या संख्येकडेच बोट दाखवत असल्यामुळे १६१० तीच संख्या आणते. डीसीएने अॅक्युम्युलेटर आधीच शून्य केलेला असतो, म्हणूनच इथे बेरीज म्हणजे लोड. परतण्यापूर्वी मात्र तो पत्ता संख्या ओलांडून ०२०४ वर न्यावा लागतो. ते काम आयएसझेड करते. पत्ता वाढून शून्य होण्याची वेळ फक्त दुसरी संख्या मेमरीच्या अगदी शेवटच्या शब्दात, ७७७७ वर, ठेवली तरच येते, त्यामुळे ओलांडण्याचा धोका इथे नाही.

चाचणीसाठी ००७७ आणि ०७०७ याच संख्या निवडण्यामागे कारण आहे. चार अंकांच्या चार जोड्या पाहा: ०-०, ०-७, ७-०, ७-७. ट्रूथ टेबलच्या चारही ओळी एकाच फेरीत तपासून होतात. ओआरचे बरोबर उत्तर ०७७७. ऑक्टलमध्ये बिट उलटे करणे तोंडी जमते, प्रत्येक अंक ७ मधून वजा करायचा: ००७७ चे ७७००, ०७०७ चे ७०७०, त्यांचा अँड ७०००, तो उलटा ०७७७. हे चार आकडे विद्यार्थ्याने मशीन सुरू करण्याआधी कागदावर काढलेले असलेच पाहिजेत. त्याशिवाय त्याला सिम्युलेटरपाशी बसू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरे शिक्षण चुकीच्या उत्तरात आहे. एक इन्स्ट्रक्शन लिहायची राहिली तर उत्तर कसे बदलते ते पाहा. शेवटचे उलटे करणे राहिले तर ७००० येते. पहिले राहिले तर ७७०७, दुसरे राहिले तर ७०७७. म्हणजे उत्तर पाहून दोष कोणत्या पत्त्यावर आहे ते सांगता येते. १६१० च्या जागी १२१० लिहिले, म्हणजे इनडायरेक्टचा बिट राहिला, तर दुसऱ्या संख्येऐवजी परतीचा पत्ता ०२०३ हाच संख्या म्हणून उचलला जातो आणि उत्तर ०२७७ येते. दिलेल्या दोन्ही संख्यांमध्ये २ हा अंक कुठेच नाही; तो पत्त्यातून आला आहे. ज्याला हे ओळखता आले, त्याला पत्ता आणि पत्त्यावरची वस्तू यांतला फरक कळला. पुढे सी भाषेत पॉइंटर शिकताना त्याची अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते.

सर्वांत फसवी चूक आयएसझेड विसरण्याची. ती जागा ७००० या 'काही करू नका' कोडने भरून प्रोग्रॅम चालवून पाहावा. परतीचा पत्ता ०२०३ वरच राहतो, म्हणून परतल्यावर मशीन ०७०७ ही संख्या इन्स्ट्रक्शन म्हणून वाचते. पहिला अंक ०, म्हणजे अँड. पुढच्या ७ मध्ये इनडायरेक्टचा आणि पानाचा असे दोन्ही बिट चढलेले, त्यामुळे ०३०७ मध्ये जो पत्ता असेल तिथल्या शब्दाशी अँड होतो. मेमरी कोरी असेल तर तिथे शून्य, त्या शून्याने दाखवलेल्या पत्त्यावरही शून्य, आणि अॅक्युम्युलेटर साफ. मग ०२०४ वर ते शून्य उत्तर म्हणून ठेवले जाते आणि मशीन शहाण्यासारखे ०२०५ वर थांबते. कुठेही गडबड दिसत नाही, उत्तर तेवढे ०००० असते. दुसरी संख्या ५ ने सुरू होणारी असती तर तीच उडी ठरली असती आणि प्रोग्रॅम भलतीकडे गेला असता. मेमरीतल्या शब्दावर 'मी डेटा' किंवा 'मी इन्स्ट्रक्शन' असे कुठेही लिहिलेले नसते, हे वाक्य फळ्यावर लिहून जे कळत नाही ते या एका चुकीतून कळते. अखेरच्या ५६१० ऐवजी ५२१० लिहिले तरी तेच: परतीचा पत्ता ०२०४ हाच अँड म्हणून चालवला जातो, सबरुटीन आपल्याच डोक्यावर पुन्हा सुरू होते आणि पुढे काय बिघडेल याचा नेम नाही.

हाताने कोडिंग करताना कागदाचे चार रकाने करावेत: पत्ता, कोड, लेबल, शेरा. पहिल्या फेरीत फक्त पत्ते आणि लेबले भरायची, कोडचा रकाना रिकामा ठेवायचा. तात्पुरत्या जागा सबरुटीनच्या शेवटी येतात, त्यामुळे त्यांचे पत्ते पहिली फेरी संपेपर्यंत ठरतच नाहीत. दुसऱ्या फेरीत कोड. पेन्सिलच वापरावी. इथे एक चूक फार होते: ०२१७ नंतर ०२१८ लिहिला जातो. ऑक्टलमध्ये त्यानंतर ०२२० येतो. ही एक घसरण झाली की पुढचे सगळे पत्ते चुकतात आणि कोड मात्र वरवर बरोबर दिसत राहतात.

पानांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. वरच्या यादीत इनडायरेक्ट नसलेल्या, पत्ता सांगणाऱ्या प्रत्येक कोडचे शेवटचे तीन अंक पत्त्याशी तंतोतंत जुळतात: ०२०६ साठी १२०६, ०२२१ साठी ३२२१. हा या पानाचा योगायोग आहे. पान ०४०० पासून सुरू होत असेल तर ०४०६ साठीही कोड १२०६ च राहतो, कारण कोडमध्ये फक्त पानातली जागा आणि 'हेच पान' एवढेच लिहिलेले असते. त्याचा एक फायदा असा, की सबरुटीनचे हेच दहा शब्द उचलून ०४१० पासून ठेवले तरी एकही अंक बदलावा लागत नाही. बदलते फक्त हाक मारणाऱ्याची इन्स्ट्रक्शन. दुसऱ्या पानावर थेट जेएमएस करता येत नाही, म्हणून ०२२२ मध्ये ०४१० हा पत्ता ठेवायचा आणि ०२०२ वर ४६२२ लिहायचे. तेच सबरुटीन पानाच्या आतल्या आत, समजा ०२४० ला सरकवले, तर मात्र स्वतःच्या पत्त्यांचा उल्लेख करणारा प्रत्येक कोड नव्याने लिहावा लागतो. आणखी एक पथ्य: ००१० ते ००१७ या आठ जागांत सबरुटीनचा पहिला शब्द ठेवू नये. त्या जागा इनडायरेक्टने वापरल्या की वापरापूर्वी आपोआप एकने वाढतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. परतीचा पत्ता सबरुटीनच्या पोटात लिहिला जातो, म्हणून ते रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत, टाकता येत नाही. एका सबरुटीनने दुसऱ्याला हाक मारली तर चालते, स्वतःलाच मारली तर पहिला पत्ता पुसला जातो. इंटरप्टमधूनही (चालू काम मध्येच थांबवून घेतलेल्या कामातूनही) तेच सबरुटीन वापरले तर तीच गत. परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवणारा स्टॅक का आला, याचे उत्तर विद्यार्थ्याला इथे आपसूक मिळते.

आता एक्सओआर. एकच काम तीन तऱ्हांनी करता येते आणि तिन्ही करून पाहण्यासारख्या आहेत. सरळ मार्ग म्हणजे 'दोन्हींचा अँड नाही' आणि 'दोन्हींचा ओआर आहे' या दोघांचा अँड. ०२३० पासून क्रमाने कोड असे: ०००० ३२५० १२५० ७०४० ३२५१ १६३० ०२५० ७०४० ३२५० १६३० ७०४० ०२५१ ७०४० ०२५० २२३० ५६३०, आणि ०२५० व ०२५१ या तात्पुरत्या जागा. एकूण १८ शब्द. मुख्य प्रोग्रॅममध्ये ४२१० च्या जागी ४२३० करायचे. उत्तर ०७७० यायला हवे. ३२५० नंतर लगेच १२५० का, हा प्रश्न ओरलला जरूर विचारावा: डीसीएने ठेवताना अॅक्युम्युलेटर रिकामा केला, म्हणून तीच संख्या परत आणावी लागते.

दुसरी तऱ्हा फक्त नँडची, म्हणजे उलट्या केलेल्या अँडची. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ७४०० ची एक आयसी आणली तर तिच्यात दोन इनपुटचे चार नँड गेट असतात, आणि एक्सओआरला नेमके चारच लागतात. ब्रेडबोर्डवर हे फार सुबक दिसते. पण तेच चार नँड पीडीपी-८ वर इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिले तर १९ शब्द होतात, वरच्यापेक्षा एक जास्त. गेटमध्ये जे काटकसरीचे, ते प्रोग्रॅममध्ये काटकसरीचे असेलच असे नाही. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या दोन विभागांच्या शिक्षकांनी हा प्रयोग शेजारी शेजारी ठेवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

तिसरी तऱ्हा अंकगणिताची: दोन संख्यांची बेरीज करा आणि त्यांच्या अँडची दुप्पट वजा करा. हातच्याचा जो काही गोंधळ होतो तो नेमका त्या अँडमुळे, तो काढला की एक्सओआर उरतो. ०२३० पासून: ०००० ३२४२ १६३० ०२४२ ७१०४ ७०४१ १२४२ १६३० २२३० ५६३०, आणि ०२४२ तात्पुरती. अवघे ११ शब्द. ७१०४ लिंक (अॅक्युम्युलेटरला जोडलेला, हातच्याचा एक बिट) साफ करून डावीकडे एक घर सरकवते, म्हणजे दुप्पट. ७०४१ उणे चिन्ह लावते. आपल्या संख्यांवर ०००७, ००१६, ७७६२, ००६१, ०७७० असे टप्पे येतात. हे इतके आखूड असताना १८ शब्दांचे कशाला? कारण बेरजेत हातचा बाहेर पडला की लिंक बिट बदलतो. हाक मारणारा लांबलचक बेरीज करत असेल आणि लिंकमध्ये हातचा सांभाळत असेल, तर तो या सबरुटीनमध्ये हरवतो. लॉजिकचे १८ शब्द लिंकला हातही लावत नाहीत. म्हणून सबरुटीनच्या माथ्यावर 'काय घेते, काय देते, काय बिघडवते' या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय जर्नलवर सही देऊ नये.

ओआरही एका शब्दाने आखूड होतो. दुसरी संख्या उलटी करून पहिलीशी अँड घ्या आणि त्यात दुसरी मिळवा. दोघांत एकही बिट सामाईक नसल्यामुळे हातचा येतच नाही, लिंक सुरक्षित राहतो आणि ९ शब्दांत काम होते. त्याचे कोड आम्ही मुद्दाम देत नाही. विद्यार्थ्याने ते स्वतः काढावेत.

वेगाचेही गणित करून घेता येते. मूळ पीडीपी-८ चे मेमरी चक्र १.५ मायक्रोसेकंदांचे. वरचा १० शब्दांचा ओआर जेएमएससह १६ चक्रे घेतो, म्हणजे २४ मायक्रोसेकंद.

एवढे झाल्यावर ८०८५ चे किट द्यावे आणि तेच सबरुटीन फक्त एएनए (अँड) आणि सीएमए (बिट उलटे करणे) वापरून लिहायला सांगावे. तिथल्या अडचणी वेगळ्या आहेत. पत्त्याचा खालचा बाइट आधी द्यावा लागतो: हेक्स २०५० ला हाक मारायची तर सीडी ५० २०, यात सीडी हा हाकेचा कोड. उलटे लिहिले तर प्रोसेसर ५०२० ला जातो. स्टॅक पॉइंटर रॅममध्ये लावलेला नसेल तर परतीचा पत्ता कुठे टिकत नाही आणि आरईटी ही परतण्याची इन्स्ट्रक्शन कुठेही नेऊन सोडते. फ्लॅगचा, म्हणजे उत्तर शून्य आहे का वगैरे नोंदवणाऱ्या बिटांचा, घोळ तर सगळ्यांत जास्त: सीएमए एकाही फ्लॅगला हात लावत नाही, त्यामुळे तिच्यामागून जेझेड (शून्य असेल तर उडी) लिहिली तर ती उलटे करण्याआधीच्या, अँडच्या उत्तरावर निर्णय घेते. उत्तर बरोबर, उडी चुकीची. उपाय एका बाइटाचा आहे, सीएमएनंतर ओआरए ए (अॅक्युम्युलेटरचा स्वतःशीच ओआर), कोड बी७. त्याने मूल्य तेच राहते आणि फ्लॅग ताजे होतात.

परीक्षेत या प्रॅक्टिकलची मांडणी बदलावी, ही आमची अभ्यास मंडळांना आणि विभागप्रमुखांना विनंती. विद्यार्थ्याला चालणारी यादी देऊ नये. एका पत्त्यावरचा शब्द मुद्दाम बदललेली यादी आणि तिचे चुकीचे उत्तर द्यावे. यादीच्या जागी नुसते ७०७७ दिले तरी चालेल. दोष कोणत्या पत्त्यावर, तिथे काय हवे होते आणि हाच आकडा का आला, हे त्याने दहा मिनिटांत कागदावर लिहावे. त्यानंतर सिम्युलेटरवर ०२०० पासून एकेक पाऊल चालवून दाखवावे आणि प्रत्येक पावलाला अॅक्युम्युलेटरमध्ये काय येणार ते आधी सांगावे. निम्मे गुण कागदाला आणि निम्मे या सांगण्याला द्यावेत.

आपले,
संगणक प्रयोगशाळेत शिकवणारे काही शिक्षक,
पुणे